टाके निघाले, पुढे काय?

(तिवसा येथे भरलेल्या कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण)



जेवणाची वेळ जवळ आली आहे आणि माझा विषय काही भूक वाढवणारा नाही, म्हणून प्रस्तावना न करता सुरू करते.

मी तीस वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते, त्यातली शेवटची काही वर्षं अपघात विभागात. निवृत्त झाल्यावर तिवस्यात राहायला आले. इथे आमचा सात-आठ बायकांचा आणि दोन पुरुषांचा एक गट आहे. त्याला नाव नाही, फलक नाही, पावतीपुस्तकही नाही. डोक्याला मार लागून ज्यांच्या मेंदूला इजा झाली, अशी माणसं दवाखान्यातून घरी आली की आम्ही त्यांच्या घरी जातो. एवढंच आमचं काम.

तिवस्यात हे काम काऊन सुरू झालं, असं कोणी विचारलं तर मी रस्त्याकडे बोट दाखवते. अमरावती-नागपूर महामार्ग आपल्या गावाला लागून जातो. संत्र्याचे ट्रक, कापसाच्या गाड्या, मोझरीला गुरुकुंजात जाणारी माणसं, आणि या सगळ्यांमधून हेल्मेट हँडलला अडकवून जाणारी आपली पोरं. त्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला मेळघाटातून मजूर उतरतात. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, मग हरभरा. होळीला परत जातात, कारण होळीला कोरकू माणूस घरी नसेल तर ते वर्षच त्याला वर्ष वाटत नाही. येता-जाता मुकादम त्यांना पिकअपमध्ये उभं भरतो. ट्रॉलीवरून पडणं, मोहाच्या झाडावरून पडणं, भांडणात डोक्यात काठी बसणं, गाडीखाली येणं, हे सगळं मी पाहिलेलं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, आणि लोक विचारतात, "कसं हाय आता?" डोक्याला मार लागला की दहा-बारा दिवसांनी टाके निघतात, केस उगवतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. माणूस चालतो, जेवतो, राम राम करतो. गाव म्हणतं, बरा झाला. आणि महिन्याभरात त्याची बायको कोणाच्या तरी ओट्यावर बसून हळूच सांगते, "बाई, घरात जो आला न, तो माह्या नवरा नाही." हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलं आहे की आता मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. ती खोटं बोलत नसते, वाढवूनही सांगत नसते.

मेंदू मऊ असतो, आणि तो हाडाच्या टणक पेटीत ठेवलेला असतो. डोकं आपटलं की तो आत हेलकावतो, पेटीला आदळतो, त्यातले बारीक धागे ताणले जातात. कपाळामागचा भाग तर नेहमीच मार खातो. नेमका तोच भाग आपला राग आवरतो, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हे ठरवतो, चारचौघांत काय बोलायचं नाही हे सांगतो, आणि सकाळी उठून कामाला लाग असं आतून ढकलतो. तिथे इजा झाली की माणूस मयतीत हसतो. पोराने ग्लास सांडला म्हणून ताट भिरकावतो. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण वीस वर्षांपूर्वीच्या बैलाचं नाव पक्कं आठवतं. दिवसभर बाजेवर बसून राहतो. दुपारपर्यंत इतका थकतो की बोलवत नाही. लग्नातला बँड, भोंगा, चुलीजवळची गडबड त्याला सहन होत नाही.

गाव याला चार नावं ठेवतं. वेड लागलं, बाहेरचं लागलं, कामचोर झाला, पिऊन आला. चारही नावं चुकीची आहेत, आणि चारांचाही परिणाम एकच होतो. लोक त्या घरी जायचे थांबतात.

तालुक्यातल्याच एका गवंड्याचं सांगते. दुचाकी घसरून पडला, शस्त्रक्रिया झाली, वाचला. तीन महिन्यांनी कामावर गेला आणि दोन दिवसांत ठेकेदाराने परत पाठवला. ठेकेदाराचं म्हणणं, हा नुसता उभा राहतो. आम्ही जाऊन पाहिलं. थापी त्याच्या हातात दिली आणि समोर भिंत दाखवली, तर प्लास्टर असं सफाईने केलं की बघत राहावं. हात काहीच विसरले नव्हते. पण "एवढी खोली करून टाक" म्हटलं की तो अडायचा, कारण खोली करण्यात पंचवीस कामं असतात आणि त्यांचा क्रम त्याच्या डोक्यातून गेला होता. मग त्याच्या धाकट्या भावाला बसवून समजावलं. एका वेळी एकच काम सांगायचं. ते झालं की दुसरं. मध्ये बोलायचं नाही, घाई करायची नाही, आणि दुपारी जेवणानंतर एक तास झोपू द्यायचं. भाऊ शहाणा निघाला. आज दोघं मिळून छोटी कामं घेतात. आधीइतकी मजुरी मिळत नाही, राग अजून येतो, पण तो कामावर जातो. यात औषधाचा भाग फक्त फिटच्या गोळीपुरता होता. बाकी सगळं धाकट्या भावाने केलं.

इथे एक सांगून ठेवते, कारण यावरून घरोघरी भांडणं होतात. फिटची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करायची नाही. "आता फिट येत नाही, मग कशाले खायची," असं म्हणून बंद केलेल्या गोळीने पुन्हा दवाखाना दाखवलेला आहे. आणि दारू अजिबात नाही. मार लागलेल्या मेंदूला ती थोडीही भारी पडते.

दुसरं उदाहरण मेळघाटातल्या तुमच्याच एका भावाचं. सोंगणीला आला होता, विशी-बाविशीचा. ट्रॉलीवरून पडला. इथून अमरावतीला आणि तिथून एका मोठ्या दवाखान्यात नेला. तुम्हाला माहीत असेल, डोक्याचा मार किती गंभीर आहे हे मोजायला डॉक्टर एक मापन वापरतात. १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ते तयार झालं, म्हणून त्याचं नाव ग्लासगो मापन. डोळे उघडतो का, सांगितल्यावर हात हलवतो का, आणि बोलतो कसा, याला गुण देतात. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. बोलण्याचे पूर्ण गुण ५. नीट उत्तर दिलं तर ५, नुसते आवाज काढले तर २.

हा पोरगा शुद्धीवर येताना "डा, डा" करत होता. कागदावर लिहिलं गेलं की अर्थहीन आवाज काढतो. दुसऱ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ पोचला आणि म्हणाला, "तो पाणी मागतोय." कोरकूत डा म्हणजे पाणी. पोराला मराठी येत होती, हिंदी तर बरी येत होती, बाजारात तीच बोलायचा. मार लागल्यावर दोन्ही गेल्या आणि आईची भाषा राहिली. दोन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूला इजा झाली की असं होऊ शकतं. कधी एक भाषा आधी परत येते, कधी एकच परत येते. कोरकू तर मराठी-हिंदीच्या कुळातलीही नाही, गोंडीच्याही नाही, ती मुंडा कुळातली. वॉर्डातल्या कोणाला ती कानाला ओळखीची वाटण्याचं कारणच नव्हतं. मी त्या वॉर्डातल्या माणसांना दोष देत नाही. एका सिस्टरकडे चाळीस खाटा असतात. पण तिथे कोरकू जाणणारा एक माणूस पहिल्या तासापासून असता, तर त्या पोराला पाणीही मिळालं असतं आणि त्याचे गुणही वेगळे लागले असते. म्हणून शिबिराला आलेल्या मेळघाटातल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की आपल्या माणसाला दवाखान्यात नेलं तर त्याच्याशी आपल्या भाषेत बोला, आणि तो काय बोलला ते डॉक्टरांना मराठीत सांगा. लाजू नका. ते पेशंटचं तपासणं सोपं करणं आहे.

अपघाताच्या वेळचं थोडक्यात सांगते, कारण ते कालच्या सत्रात झालं आहे. १०८ ला फोन. मान वळवायची नाही, पाणी पाजायचं नाही, उठवून बसवायचं नाही. शुद्धीवर असला तरी वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, सुस्ती, झटका, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त येणं, एक बुबूळ मोठं दिसणं, यातलं काहीही असलं तर त्याच घटकेला दवाखाना. "झोपू द्या, सकाळी पाहू," असं म्हणायचं नाही. म्हाताऱ्या माणसांचं वेगळं असतं. न्हाणीत पाय घसरतो, डोकं आपटतं, काही वाटत नाही, आणि तीन आठवड्यांनी बोलणं अडखळतं. आत हळूहळू रक्त साचलेलं असतं. वेळेत कळलं तर ते काढता येतं. आणि पोलिसांच्या भीतीने जखमीला सोडून जाऊ नका. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि नंतर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही.

दारूचा वास आला तर? हा प्रश्न काल कोणीतरी विचारला. वास आला तरी तेच करायचं. प्यालेला माणूस पडला की त्याचंही डोकं फुटतं, आणि सगळे त्याला झोपलेला समजतात.

आता घरच्यांकडे येते, कारण माझ्या मते खरी उपेक्षा त्यांची होते.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. १९५६ साली वलगावजवळ, पेढी नदीच्या काठावर त्यांनी देह ठेवला. सगळे त्यांचा खराटा सांगतात. मला त्यांच्या धर्मशाळा जास्त महत्त्वाच्या वाटतात. मुंबईला दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचाराला आलेले गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. ज्याने हे सुरू केलं त्या माणसाच्या मागे उभं राहणाऱ्यांना एक गोष्ट नीट कळली होती. खाटेवर एक जण असतो आणि खाटेखाली वर्तमानपत्र अंथरून दुसरा एक जण झोपलेला असतो, आणि तो दुसरा आजारी पडला तर पहिल्याचं काही खरं नाही.

डोक्याच्या मारात हे दुसरं माणूस बहुतेक वेळा बाई असते. बायको नाहीतर आई. दवाखान्याचे महिना-दोन महिने सगळे येतात. घरी आल्यावर कोणी येत नाही. एकजण मला म्हणाली, "विधवा झाली असती तं चार बाया येऊन बसल्या असत्या. हा जित्ता हाय, म्हून मले रडताबी येत नाही." ती नवऱ्याची मरणाची वाट पाहत नव्हती, एवढं तुम्ही समजून घ्या. जो माणूस गेला त्याचा शोक करायला तिला जागा नव्हती, कारण त्याच्याच तोंडाचा माणूस समोर बसून भाकर मागत होता.

आमचा गट अशा बाईसाठी दोन गोष्टी करतो. आठवड्यातून एक दुपार आमच्यातली एक जण तिच्या घरी थांबते, आणि ती बाहेर जाते. बाजाराला जाते, माहेरी जाते, एक जण तर नुसती मोठ्या बहिणीकडे जाऊन झोपायची. कुठे गेली ते आम्ही विचारत नाही. आणि महिन्यातून एकदा या सगळ्या घरांतले लोक एकत्र बसतात. तिथे आम्ही फार बोलत नाही. एकीने सांगितलं की माझा नवरा रोज संध्याकाळी पाचला चिडतो. दुसरी म्हणाली, माझाही चिडायचा, मी साडेचारलाच खाऊ घालून अंधाऱ्या खोलीत निजवते, आता कमी झालंय. असं ज्ञान पुस्तकातून माझ्या हाती आलं नसतं.

काहींना वाटतं की हे गरिबांच्या घरचं दुखणं आहे. जोधपूरच्या राजघराण्यातले शिवराजसिंह २००५ साली पोलो खेळताना घोड्यावरून पडले. मेंदूला जबर मार, बरेच दिवस बेशुद्धी. पैशाला, डॉक्टरांना काही कमी नव्हतं. तरी त्यांचे वडील महाराजा गजसिंह यांना पुढचं पुनर्वसन किती अवघड आहे हे दिसलं, आणि २००७ साली त्यांनी डोक्याला मार लागलेल्यांसाठी इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन काढलं. इंग्लंडमध्ये हेडवे नावाची संस्था १९७९ पासून आहे, आणि आज तिथे तिचे शंभराच्या वर स्थानिक गट आहेत. ते गट मुख्यतः काय करतात? एकत्र बसतात, चहा पितात, हाताला काम देतात, घरच्यांना थोडी उसंत देतात. म्हणजे आपण तिवस्यात जे करतो, तेच. फरक इतकाच की त्यांच्याकडे गाडी आहे आणि आपण एसटीची वाट पाहतो.

गावातल्या साध्या माणसाला हे जमेल का, अशी शंका शिकलेल्यांना येते. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं आणि नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोन दिवसांच्या बाळाचा श्वास मोजणं जिला जमतं, तिला एका गवंड्याला एका वेळी एक काम सांगायला शिकवणं जमणार नाही का?

भूमका आणि पडियार यांच्याबद्दल माझं मत काहींना आवडणार नाही. मी त्यांच्याशी भांडत नाही. घरातली पहिली धाव त्यांच्याकडे असते, हे वास्तव आहे. त्यांची टिंगल केली तर लोक आपल्याकडे लपून येतात, म्हणजे उशिरा येतात. आम्ही भूमकाकडे जाऊन बसतो, मघाशी सांगितलेली लक्षणं त्यालाही सांगतो, आणि म्हणतो, पूजा तुमची होऊ द्या, पण उलटी आणि झटका दिसला की आधी गाडी. दोघे-तिघे आता स्वतः फोन करतात. मात्र डागणं, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं याला आम्ही तिथल्या तिथे नाही म्हणतो. त्यात तडजोड नाही.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण त्यावर घर चालतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मेंदूच्या इजेचं वेगळं नाव त्यात नाही. म्हणून बरेच लोक "हे बसत नाही" ऐकून परत येतात. बसतं. इजेने काय झालं, त्यावर प्रमाणपत्र मिळतं. पाय ओढत असेल तर अस्थिव्यंग, बोलणं गेलं असेल तर वाचा आणि भाषा दोष. मेंदूच्या कारणाने गेलेली वाचा त्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेली आहे. दोन-तीन गोष्टी असतील तर बहुविकलांगता. जिल्हा रुग्णालयात जाताना घरच्या माणसाने सोबत जावं आणि पेशंटला बोलू देऊन थांबू नये. कारण मार लागलेला माणूस डॉक्टरांना आनंदाने सांगतो की मला काहीच झालेलं नाही. ते खोटं नसतं, त्याला खरंच कळत नसतं. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि त्याचं ओळखपत्र झालं की तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. धडक देऊन गाडी पळून गेली असेल तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपयांची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. हे मागायला कोणी जात नाही, कारण कोणाला माहीतच नसतं.

आणि शेवटचा प्रश्न, जो आमच्या बैठकीत दर वेळी येतो आणि ज्यावर सगळे गप्प होतात. "आमच्यामागं याचं कोण?" आईचं वय सत्तर, पोरगा पस्तीसचा, पण सांभाळावा लागतो पाच वर्षांच्या लेकरासारखा.

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिलं आहे. स्टेशनवर, बसस्टँडवर टाकून दिलेली मतिमंद, अंध, मूकबधिर मुलं त्यांनी आणली, १२३ जणांचे ते बाप झाले, कागदावर आपलं नाव लावलं. सरकारी नियमाने अठरा वर्षं झाली की मूल बालगृहातून बाहेर. बाबा वर्षानुवर्षं सांगत आले की हे अठराव्या वर्षी जाणार कुठे, यांच्या आयुष्यभराच्या पुनर्वसनाचा कायदा करा. त्यांनी कोणालाच बाहेर काढलं नाही. त्यांच्या एका अंध मुलीने २०२४ साली लोकसेवा आयोगाची परीक्षा पास केली, आणि त्याच वर्षी बाबांना पद्मश्री जाहीर झाली. पण प्रत्येक आईला शंकरबाबा मिळणार नाही. म्हणून निदान कागदाचं करून ठेवा. बहुविकलांग प्रमाणपत्र असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली त्याची समिती असते. शेताचा सातबारा, घराचा उतारा कोणा हुशार पुतण्याने अंगठा घेऊन फिरवण्याच्या आधी हे करा. अशी दोन घरं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

तुमच्याकडून मला फार नको. जाताना दारापाशी वह्या ठेवल्या आहेत, त्यातली एक घेऊन जा. आपल्या गावात गेल्या पाच वर्षांत डोक्याला मार लागून दवाखान्यात राहिलेली घरं किती, एवढं लिहून आणा. घरात जाऊन पेशंटच्या आधी त्याच्या बाईला विचारा, तू शेवटची रात्रभर कधी झोपलीस. फिटची गोळी चालू आहे का, प्रमाणपत्र आहे का, तेही बघा. कोरकू आणि मराठी दोन्ही बोलणारे, फोन आला तर रात्री दवाखान्यात उभे राहतील असे दोन जण प्रत्येक गावातून मला हवेत. त्यांची नावं आजच लिहून घेते.

आमची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोन वाजता असते. पेशंटला आणायला हरकत नाही. मागच्या खोलीत अंधार करून ठेवतो, पंखा चालू असतो, आणि तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही.